आठ लाखांत नवीन छोटी गाडी, जुनी डिझेल की सरळ भाड्याची? (कोथरूड–हिंजवडी–गुहागर)

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं कोथरूडला राहता, ऑफिस दोघांचं हिंजवडीला पण आठवड्यातून दोनच दिवस जायचं आणि तेही कंपनीच्या बसने. आई-बाबा गुहागरजवळ गावाला, महिन्यातून एकदा तिकडे जाणं. बजेट आठ लाख, त्यातले पाच लोन काढणार. डोक्यात पर्याय तीन: नवीन हॅचबॅक, पाच-सात वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही, नाहीतर गाडीच घ्यायची नाही आणि दर वेळी सेल्फ ड्राइव्ह भाड्याने. शिवाय वहिनी नुकत्याच चालवायला शिकल्यात, तर ऑटोमॅटिक घ्यावी का हेही विचारलंय.

मी आधी सर्व्हिस सेंटरला होतो आणि आता बरीच वर्षं जुनी गाडी घेणाऱ्यांना गाड्या तपासून देतो, त्यामुळे माझा कल जुन्या गाडीकडे असणार हे धरूनच पुढचं वाचा.

आता तुम्ही विचारलंय कुठली गाडी, पण माझ्याकडे कोणी आलं की मी गाडीचं नाव काढूच देत नाही, आधी विचारतो वर्षाला किलोमीटर किती आणि कसले. तुमचं बघू. ताम्हिणी घाटाने जा नाहीतर कुंभार्लीने, गुहागर एका बाजूला अडीचशे-पावणेतीनशे पडतं, म्हणजे येऊन-जाऊन पाचशेच्या वर, बारा फेऱ्यांचे सहा-साडेसहा हजार झाले. त्यात शनिवार-रविवारची मंडई, डेक्कन, नातेवाईक, कधी सिंहगड-पानशेत धरून अजून तीनेक हजार टाका. म्हणजे नऊ-दहा हजार. हे कमी रनिंग आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका आकड्यातच आहे, कारण डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक या सगळ्यांचा जास्तीचा पैसा रोजच्या रनिंगमधून वसूल होतो आणि तुमची गाडी आठवड्यातले चार-पाच दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहणार आहे.

डिझेलचा हिशोब करून दाखवतो. पुण्यात पेट्रोल १०४ च्या आसपास, डिझेल ९० च्या थोडं वर धरू. पेट्रोल गाडी हायवे-सिटी मिळून १६ देते म्हटलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये, डिझेल २० देते म्हटलं तर साडेचार. वाचले दोन रुपये. दहा हजार किलोमीटरला वीस हजार. आता तशाच गाडीच्या डिझेल मॉडेलला लाख-सव्वा लाख जास्त मोजलेत तर ते भरून यायलाच सहा वर्षं लागणार, आणि तोपर्यंत ती जुनी गाडी बारा वर्षांची झालेली असेल. त्यात इंजेक्टर, टर्बो, क्लच-फ्लायव्हील यातलं एक जरी काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) डिझेलमध्ये डीपीएफ नावाचा काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो अधूनमधून तापून स्वतःला साफ करतो आणि त्याला सलग लांब रनिंग लागतं, कोथरूड ते मंडई अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो चोंदतो. महिन्याची गुहागर फेरी त्याला वाचवेल हे खरं, पण मग गाडीला बरं वाटावं म्हणून गावाला जायची वेळ येऊ नये. डिझेलचा टॉर्क (ओढण्याची ताकद) घाटात फार छान लागतो, मला स्वतःला डिझेल प्रचंड आवडतं, ते फियाटचं १.३ मल्टिजेट तर एकेकाळी स्विफ्टपासून विस्टापर्यंत सगळ्यांच्या बॉनेटखाली होतं आणि चांगलं सांभाळलेलं अजूनही पळतं. पण आवड आणि तुमचा हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाला अठरा-वीस हजारांच्या पुढे रनिंग असतं तर मीच तुम्हाला डिझेल घ्या म्हणालो असतो.

एक जोडून सांगतो, कोणीतरी तुम्हाला दिल्ली पासिंगची मोठी डिझेल निम्म्या भावात दाखवेलच. तिकडे जुन्या डिझेलवर निर्बंध आहेत म्हणून ती स्वस्त असते. इकडे आणायची तर तिथली एनओसी (ना हरकत पत्र), इथलं नवीन पासिंग आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरावा लागतो. इतकं करून विकताना परत गिऱ्हाईक बिचकतंच. नकोच.

सीएनजीचं पटकन सांगतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर असेल तर सीएनजीला तोड नाही, तुमचं तसं नाही. डिकी टाकीत जाते (नवीन काही गाड्यांत दोन छोट्या टाक्या घालून जागा वाचवलीये), पंपावरच्या रांगा वेगळ्या, टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी, आणि मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या कुठे ठेवणार? इलेक्ट्रिकसाठी सोसायटीत स्वतःच्या पार्किंगला चार्जिंग पॉइंट नसेल तर विषय तिथेच थांबवा.

आता भाड्याची गाडी. बरेच गाडीवेडे हा पर्याय हसण्यावारी नेतात, मी नेत नाही, कारण नुसत्या आकड्यांत तो जिंकतो. छोट्या गाडीचं सेल्फ ड्राइव्हचं भाडं वीकेंडला दिवसाला अडीच-तीन हजार धरा, दोन दिवसांचे सहा हजार, बारा महिन्यांचे ७२ हजार. पेट्रोल दोन्हीकडे तेवढंच म्हणून बाजूला ठेवू. याच्यासमोर स्वतःची पाच लाखांची जुनी गाडी: पाच वर्षांनी अडीचला विकली तर वर्षाला ५० हजार घट, इन्शुरन्स दहा-बारा हजार, सर्व्हिस-टायर-बॅटरी मिळून सरासरी वीस, आणि अडकलेल्या पैशाचं व्याज. लाखाच्या वर जातंच. नवीन गाडी ऑन-रोड नऊ लाखांची घेतली तर सर्व्हिस कमी लागेल पण घट वर्षाला ऐंशी-नव्वद हजार, इन्शुरन्स दुप्पट, व्याज जास्त, म्हणजे दीड लाखाच्या आसपास. म्हणून मुलं नाहीत, आई-बाबा तब्येतीने ठणठणीत आहेत आणि गावाला महिन्याऐवजी तीन-चार महिन्यांतून एकदा जायचंय अशा जोडप्याला मी आजही सरळ सांगतो की गाडी घेऊ नका, शहरात रिक्षा-मेट्रो-कॅब वापरा आणि लागेल तेव्हा भाड्याने घ्या.

पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी तराजू फिरवतात. पहिली म्हणजे तुम्हाला गाडी नेमकी तेव्हाच लागणार जेव्हा अख्ख्या पुण्याला लागते, गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिना. त्या आठवड्यांत भाडं दुप्पट होतं किंवा गाडीच मिळत नाही, आणि कोकणातल्या माणसाने गणपतीला गाडी मिळाली नाही म्हणून घरी पोचू नये हे काही बरोबर नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, आई-बाबांचं वय. रात्री अकराला फोन आला की बुकिंग, डिपॉझिट, गाडीचे फोटो काढा, व्हिडिओ करा यात तास-दीड तास जातो. ती किंमत कुठल्या रकान्यात लिहिणार? तुम्ही प्रश्नात बाबांच्या बीपीचा उल्लेख ओझरता केलाय, माझ्यासाठी तोच सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

तरीही गाडी घेईपर्यंत किंवा कधी मोठी गाडी हवी म्हणून भाड्याने घेतलीत, तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत. तीच सेल्फ ड्राइव्हसाठी परवाना असलेली गाडी. गोव्यात काय किंवा आपल्याकडे काय, ओळखीतला कोणीतरी पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी पाचशे रुपये कमीत देतो, आणि अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी गाडी भाड्याने दिली होती या मुद्द्यावर क्लेम नाकारू शकते. मग समोरच्याच्या दवाखान्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो.

तर तुम्ही गाडी घ्या असं मी म्हणतोय. नवीन की जुनी, ते मात्र थोडं तुमच्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सेस धरून २९-३१ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे नवीन आणि दोन वर्षं जुनी यातलं अंतर कमी झालंय, म्हणून एक-दोन वर्षं जुनी गाडी घेण्यात आता अर्थ राहिला नाही, त्यापेक्षा नवीन घ्या. पण चार-पाच वर्षं जुनीचं गणित अजून मजबूत आहे. नवीन गाडीच्या ऑन-रोड किमतीत आरटीओचा टॅक्स (महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३) आणि इन्शुरन्स असतो, तो पैसा शोरूमच्या गेटबाहेर पडताच गेला. त्यानंतरची घट आयडीव्हीच्या (इन्शुरन्स कंपनी धरते ती गाडीची किंमत) तक्त्यात दिसते, पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५०. बाजारभाव गाडीप्रमाणे वरखाली असतो, मारुती-टोयोटाचा याहून चांगला टिकतो, पण उतार हाच. तो उतार आधीच्या मालकाने भरलेला असताना तुम्ही कशाला भरायचा, तेही महिन्याला आठशे किलोमीटर चालवण्यासाठी.

शिवाय लोन. पाच लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १०,४०० च्या आसपास आणि व्याज एकूण सव्वा लाख. तेच सात वर्षं केलं तर हप्ता आठ हजारांवर येतो, बरं वाटतं, पण व्याज पावणेदोन लाख होतं. जुन्या गाडीच्या लोनचा दर नवीनपेक्षा जास्त असतो हे खरंय, पण तुमचे स्वतःचे तीन लाख आहेत, पाच-साडेपाचच्या गाडीला दोन-अडीचच लोन लागेल, तीन वर्षांत मोकळे व्हाल. आणि भाव करताना आजच्या नव्या गाडीची ऑन-रोड किंमत धरून करा. विकणारा २०२१ चं बिल दाखवेल, त्याला त्या बिलात अर्थ असेल, तुम्हाला नाही.

नावं विचाराल तर २०२० ते २०२२ ची, पहिला मालक, एमएच १२ किंवा १४ पासिंग, पेट्रोल. बलेनो किंवा ग्लान्झा (गाडी एकच आहे, फक्त लोगो वेगळा, म्हणून जी चांगली सांभाळलेली मिळेल ती), स्विफ्ट, किंवा सुरक्षिततेला जास्त वजन देत असाल तर अल्ट्रोझ, ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्यांची धडक चाचणी) तिला २०२० ला पाच स्टार मिळाले होते, टियागोला चार. मी स्वतः या वापरासाठी बलेनो-ग्लान्झा आणि अल्ट्रोझ यांत निवड करेन. रात्रीचा घाट, समोरून भरधाव ट्रॅव्हल्स, आणि मागे आई-बाबा बसलेले असले की बॉडी मजबूत असावी असं वाटतं, पण अल्ट्रोझचं पेट्रोल इंजिन भरलेल्या गाडीने कुंभार्ली चढताना दमतं, आणि बलेनो चढाला मोकळी वाटते. दोन्ही चालवून बघा, जमलं तर चार माणसं बसवून.

आता गाडी तपासायची कशी, इथे जरा जास्त लिहितो कारण पैसे इथेच जातात किंवा वाचतात. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, आणि गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवण्यासाठी सुरू करून ठेवलीये असं समजून जास्त बारकाईने बघा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत पांढरी वाफ येते ती दोन मिनिटांत जाते, गेली नाही आणि कूलंट कमी असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) संशय. मग काचा. प्रत्येक काचेवर बनवल्याचं वर्ष असतं, सगळ्या २०२१ च्या आणि एकच २०२३ ची असेल तर ती का बदलली ते विचारा. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याचे ओरखडे, अ‍ॅप्रनवर (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर) नवीन रंग, दाराचं रबर ओढल्यावर पिलरवरचे गोल वेल्डचे ठिपके गायब, डिकीतली स्टेपनी काढल्यावर खालचा पत्रा ठोकलेला, या चार जागी मोठा अपघात बहुतेक वेळा सापडतोच. बंपर रंगवलेला असेल तर मात्र घाबरू नका, पुण्यात बंपर न घासलेली गाडी मिळणं अवघड आहे.

मीटर मागे करणं हा प्रकार सर्रास चालतो. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, आणि मीटरवर २८ हजार, हे जुळत नाही. टायरवर चार आकडी कोड असतो, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. २०२१ ची गाडी, मीटर २५ हजार आणि चारही टायर २०२४ चे, तर पहिले टायर इतक्या लवकर कुठे गेले? अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडी नंबरवर हिस्ट्री काढून घ्या, मालकाने सोबत येऊन काढून द्यायला खळखळ केली की माझा तिथला रस संपतो. अजून एक जागा लोक बघत नाहीत, चालू इन्शुरन्स पॉलिसी. चार वर्षांच्या पहिल्या मालकाच्या गाडीला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य असेल तर एकतर मागच्या वर्षी क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्ये खंडित झाली होती, दोन्हीत प्रश्न विचारायला जागा आहे.

पुराची गाडी हा तुमच्या भागातला खास विषय. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण, किती गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून लांबच्या बाजारात गेल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो, तो कोणी धूत नाही. पुढच्या सीटखालच्या रेलवर गंज, डॅशखालच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरं, कार्पेट उचलल्यावर कुबट वास. यातलं काहीही दिसलं तर पन्नास हजार कमी केले तरी घेऊ नका, वायरिंग आज चालेल आणि पुढच्या पावसाळ्यात एकेक करून बंद पडेल. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, बाहेरून आरशासारखी, मालक खूष, मी बेल्ट ओढला आणि घेणाऱ्याने तिथूनच टोकनचे पैसे परत मागितले. किनाऱ्यालगतच्या एमएच ०८ पासिंगच्या गाड्या खालून गंज बघूनच घ्याव्यात, खाऱ्या हवेत सायलेन्सर आणि खालचा पत्रा लवकर जातो. तुमची गाडीही आता तिकडे जाणार, तेव्हा पावसाळ्याआधी खालून अँटी-रस्ट मारून घ्या आणि इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट जरूर घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारली की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा येत नाही.

टेस्ट ड्राइव्ह त्याच्या सोसायटीभोवती घेऊ नका. चांदणी चौकाचा चढ घ्या, चौथ्या गिअरला चाळीसवर एकदम दाबून बघा, आवाज वाढला आणि वेग नाही वाढला तर क्लच संपत आलाय. एसी पूर्ण, खिडक्या बंद, रेडिओ बंद, आणि एक खराब रस्ता. नंतर माहितगार मेकॅनिककडे रॅम्पवर चढवून स्कॅनर लावून घ्या, त्याला हजार-दीड हजार द्यावे लागले तरी द्या.

वहिनींसाठी ऑटोमॅटिकचं. पुण्याचं ट्रॅफिक बघता हो, घ्या, चालवायला शिकलेलं माणूस क्लचच्या भीतीने गाडी घराबाहेर काढत नाही हे मी अनेक घरांत बघितलंय आणि मग आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहणं आलं. पण कुठली ऑटोमॅटिक हे महत्त्वाचं. २०२२ च्या आधीच्या बलेनो-ग्लान्झात सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, झटके न देणारा ऑटोमॅटिक) येत होता, नंतर एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर आपोआप बदलतात) आला. सीव्हीटी सिटीत लोण्यासारखा चालतो, जुना घ्याल तर त्याचं ऑइल बदलल्याची नोंद बघा. एएमटी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, गिअर बदलताना मान हलते आणि हिल होल्ड (चढावर गाडी धरून ठेवणारी सोय) नसेल तर चढावर थोडी मागे येते, त्याची सवय करावी लागते. वॉरंटी संपलेला ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) मात्र घेऊ नका, रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो आणि दुरुस्तीचं बिल मोठं येतं. गिअरबॉक्स कुठलाही असो, कुंभार्ली उतरताना मॅन्युअल मोड किंवा एल (लो गिअर) टाकून इंजिनाच्या ब्रेकवर उतरायचं, सगळा भार पॅडवर टाकायचा नाही, हे वहिनींना पहिल्याच फेरीत शेजारी बसून दाखवा.

पैशांची वाटणी अशी करा: गाडी पाच-साडेपाचपर्यंत, आणि पन्नास-साठ हजार वेगळे ठेवा. घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गरज असेल तर टायर-बॅटरी, आणि मगच पहिली गुहागर फेरी.

कागदांचं शेवटी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन ऑनलाइन तपासा, जुनी चलनं विकणाऱ्यानेच भरायची. फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करण्याचे) वर सह्या, आणि गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहून दोघांनी सही करा, म्हणजे त्या मिनिटापासून पुढचं चलन किंवा अपघात तुमचा आणि आधीचं त्याचं, हे दोघांत तरी लेखी ठरलेलं राहतं. इन्शुरन्स चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. त्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा, त्यामुळे फरकाचे दोन-चार हजार भरायला लागतील ते आधीच धरून ठेवा. आरसी ट्रान्सफर एजंटवर सोडलीत तरी पावती नंबर स्वतःकडे घ्या आणि नाव चढेपर्यंत विकणाऱ्याचे पाच-दहा हजार राखून ठेवा, हे टोकन देतानाच बोलून घ्या, नंतर बोललं की वाद होतात.